हौदाचा काठ

माझे सासरे चाळीस वर्षं दगडाचं काम करत होते. पायऱ्या, ओटे, कुंपणाच्या भिंती, फरसबंदी. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. बोलायला कमी, कामाला वाघ. रस्त्यानं जाताना दुसऱ्या कुणी घातलेली फरशी दिसली की टाचेनं दोनदा ठोकून बघायचे, "पोकळ" म्हणायचे आणि पुढे चालू लागायचे.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको, शाळेत खेळ शिकवायची. ती पोहायला शिकली ती बाविसाव्या वर्षी, घरी टायपिंगच्या क्लासला जाते असं सांगून. कारण अण्णांना पाण्याचं वावडं होतं. शाळेची सहल नदीकाठी निघाली की त्या दिवशी तिला हमखास घरी ठेवलं जायचं. का, ते विचारायची सोय नव्हती.

आमच्या लेकीचं घरातलं नाव भिंगरी. एका जागी बसणं तिला माहीतच नाही, म्हणून आजोबांनीच ठेवलेलं. ती पाच वर्षांची झाली तेव्हा बायकोनं ठरवलं की परसात पोहण्याचा तलाव बांधायचा आणि पोरीला स्वतः शिकवायचं. परस मोठं होतं आणि ओसाडच पडलेलं होतं.

एका रविवारी अण्णा जेवायला आले होते तेव्हा तिनं सांगून टाकलं, "अण्णा, आम्ही परसात पूल बांधतोय."

अण्णांनी घास थांबवला. "पूल? खाली नदी कुठे आहे?"

"पोहायचा हो, स्विमिंग पूल."

"मग हौद म्हण ना."

भिंगरी इतकी हसली की तिला ठसका लागला. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव हौद पडलं.

बायकोनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद. एका टोकाला भिंगरीच्या छातीपर्यंत पाणी, दुसऱ्या टोकाला माझ्या हनुवटीपर्यंत. सभोवती दगडी काठ, आणि त्याच्याबाहेर बसण्याउठण्यासाठी प्रशस्त फरसबंदी. "दगडाचं सगळं तुमच्याकडे," ती अण्णांना म्हणाली. अण्णा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. नाही म्हणायचं असलं तर ते लगेच म्हणत, त्यामुळे आम्ही होकारच धरला.

पुढच्या वर्षी, खोदाई सुरू व्हायच्या सुमारास, भिंगरीच्या शाळेत पोहण्याचा तास सुरू झाला. पहिल्याच दिवशी तिच्या बाईंचा फोन आला. पोरीनं कठड्याच्या नळीला दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि ती काही केल्या सोडत नव्हती. बायको जाऊन तिला घेऊन आली. घरी आल्यावर मांडीवर बसवून विचारलं तेव्हा भिंगरी म्हणाली, "आजोबांनी सांगितलंय. पाणी एकदा हात धरतं आणि मग सोडत नाही."

अण्णा आले ते त्याच आठवड्यात. स्वयंपाकघरात मी ताटल्या पुसत होतो, त्यामुळे सगळं माझ्या देखत झालं.

"अण्णा, तुम्ही तिला घाबरवलंत."

"सावध केलं."

"सहा वर्षांच्या पोरीला?"

"सावध व्हायला वय लागत नाही."

"माझं अख्खं लहानपण तुम्ही काठावर बसवून काढलंत. एकदाही कारण सांगितलं नाहीत. आता हिलाही बसवणार?"

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "बांध तुझा हौद," ते म्हणाले. "माझ्या हातचा एक दगड लागणार नाही त्याला."

आणि ते उठून गेले. तिनं थांबवलं नाही. बापलेक एकाच मातीचे, मोडतील पण वाकणार नाहीत. मी मध्ये पडायला हवं होतं का, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलंय. त्या वेळी वाटलं, होईल आठ दिवसांत गोड. आजवर होत आलंच होतं.

या वेळी झालं नाही. खोदाई झाली, सळ्यांची जाळी बांधली गेली, तिच्यावर काँक्रीट चढलं. कानावर कायम पेन्सिल खोचलेला एक गलेलठ्ठ कंत्राटदार होता. तो रोज सकाळी हजर असायचा. परसात राखाडी रंगाचा भलामोठा खोका तयार झाला आणि मग काम थांबलं. मी विचारलं तर बायको म्हणायची, "वाळू दे अजून." मला काँक्रीटमधलं काय कळतंय? मी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस. वाळू दे तर वाळू दे.

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास ती शाळेच्या मैदानाच्या पायरीवर बसली आणि सोबतच्या शिक्षिकेला म्हणाली, "डोकं फार दुखतंय गं, जरा बसते." गळ्यात शिट्टी तशीच होती. मला फोन आला तेव्हा मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या फ्रेममध्ये काच बसवत होतो. ती काच पूर्ण बसवून मी उठलो. हे मला का आठवतं, ठाऊक नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. छत्तीस वर्षांची होती.

अण्णा आले. दोन दिवस बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसून होते. कुणी पाणी दिलं की प्यायचे, कुणी उठा म्हटलं की उठायचे. मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते निघून गेले.

दीड महिना गेला. परसातल्या खोक्यात पाचोळा साचला, तळाशी हिरवं पाणी धरलं. स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्यावरच उघडते. भिंगरी त्या बाजूला बघायची नाही. टेबलाजवळची तिची खुर्चीसुद्धा तिनं फिरवून घेतली होती, खिडकीकडे पाठ येईल अशी. मी कंत्राटदाराला फोन केला आणि सांगितलं, माती आणून बुजवून टाका.

तो स्वतः आला. काठाशी उभा राहिला, कानावरची पेन्सिल काढली, परत खोचली. "बुजवतो," म्हणाला. "पण साहेब, एक सांगू का? ताईंनी मला तीन वेळा थांबवलं होतं. माझी दगडाची माणसं मोकळी बसली होती. पण त्या म्हणायच्या, दगड माझे वडील लावणार आहेत. रागावलेत, पण येतील. त्यांच्यासाठी काम धरून ठेवा."

मला कुठे बघावं कळेना.

त्या दुपारी मी अण्णांना फोन केला. कशासाठी केला, तर दुखवण्यासाठीच. कंत्राटदाराचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं आणि वर म्हणालो, "उद्यापासून बुजवायला घेतोय." उत्तराची वाट न बघता मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते दारात उभे होते. हातात अवजारांची जुनी ताडपत्रीची पिशवी. पहिल्या बसनं आले असणार.

"बुजवू नका, जावईबापू," ते म्हणाले.

"आता? आता आलात?" माझा आवाज चढला. "तिनं चार वेळा फोन केला तुम्हाला. माझ्यासमोर केला."

"पाच वेळा," अण्णा म्हणाले. "पाचही वेळा मी फोनसमोर बसून होतो. म्हटलं, अजून एकदा करू दे. मग उचलीन."

मी दारातून बाजूला झालो. दुसरं काय करणार होतो?

ते आमच्याकडेच राहिले. बाहेरच्या खोलीत झोपायचे, उजाडलं की परसात. आधी त्यांनी एकट्यानं तो खोका उपसून, घासून स्वच्छ केला. मग कंत्राटदाराला घेऊन दगड बघायला गेले आणि तीन तऱ्हांचे नमुने घेऊन आले. भर दुपारी ते उन्हात मांडले, तासभर तापू दिले, आणि मग चपला काढून एकेकावर अनवाणी उभे राहिले. काळ्या दगडावरून लगेच उतरले. "पोरीचे पाय भाजतील," म्हणाले. पिवळसर दगडावर पाणी ओतून पाय घासून बघितला. "घसरतो." शेवटी फिक्या राखाडी रंगाचा, जरा खरबरीत दगड ठरला.

अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण हात तसाच चालायचा. दोरी ताणायची, पाणसळ लावून पातळी बघायची, दगड ठेवायचा, रबरी हातोड्यानं चारही कोपऱ्यांवर ठोकून कान लावायचा. पोकळ वाटला की काढून पुन्हा. काठाच्या प्रत्येक दगडाची आतली कड त्यांनी हातानं घासून गोल केली, पोहून आल्यावर धरताना कुणाला बोचू नये म्हणून. फरसबंदीला बाहेरच्या बाजूला उतार दिला, म्हणजे पायाची माती घेऊन पाणी परत हौदात जाऊ नये. उतार बरोबर आहे का ते बघायला मगभर पाणी ओतायचे आणि उकिडवे बसून ते कुठं जातं ते बघत राहायचे.

मी दुकानातून आलो की त्यांना दगड उचलून द्यायचो. बोलणं म्हणजे, "तो द्या," "हा नको," "सावकाश." पहिले पंधरा दिवस मी त्यांच्यावर रागावलेलाच होतो. पण रोज संध्याकाळी एखाद्या माणसाबरोबर तोच दगड दोन्ही बाजूंनी उचलायचा म्हटलं, तर राग फार काळ टिकत नाही. त्याला जागाच राहत नाही हातात.

भिंगरी मात्र मागच्या दाराची पायरी उतरायची नाही. उंबऱ्यात उभी राहून आजोबांना चहा झाल्याचं सांगायची आणि आत पळायची.

काठ पूर्ण झाला तेव्हा कंत्राटदार म्हणाला, टाइल्स लावण्याआधी एकदा पाणी भरून बघू, गळतंय का. भरलं. गळतीची त्यांची तपासणी सोपी असते. एक बादली पाण्यानं भरून हौदाच्या आतल्या पायरीवर ठेवायची, बादलीच्या आतबाहेर पाण्याच्या पातळीवर रेघा मारायच्या. उन्हानं पाणी दोन्हीकडे सारखंच उडतं. हौदातलं जास्त उतरलं, तर समजायचं की कुठंतरी वाट सापडलीय. तीन दिवसांत आमचं दोन बोटं जास्त उतरलं.

सुट्टीचा दिवस होता. अण्णा आणि मी काठावर पालथे पडून, शाईची पिचकारी घेऊन, भिंतीशी शाईचे थेंब सोडत होतो. जिथं गळत असेल तिथं शाई आत ओढली जाते. पाण्याखालच्या दिव्यासाठी भिंतीत सोडलेल्या नळीपाशी ती बारीक धाग्यासारखी ओढली गेली.

"सापडलं," मी म्हणालो.

अण्णा त्या धाग्याकडे बघत होते. काठ घट्ट धरला होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा माणूस गेला तासभर पाण्यापासून वीतभर अंतरावर तोंड ठेवून पडलाय.

"मला एक मोठी बहीण होती," ते म्हणाले. मान वर न करता. "आई कामावर जायची, मला तिनंच वाढवलं. खाणीच्या खड्ड्यात पाणी साठायचं, तिथं कपडे धुवायला जायचो आम्ही. तिचा पाय सरकला. तिनं हात वर केला, मी धरला. मी नऊ वर्षांचा. माझ्यानं ओढवेना. मग तीच म्हणाली, सोड, नाहीतर तूही येशील."

मी पिचकारी काठावर ठेवली.

"मी सोडला," अण्णा म्हणाले.

"तुमच्या लेकीला माहीत होतं हे?"

"नाही. तिच्या आईलाही नव्हतं." ते उठून बसले. "सांगितलं असतं तर समजलं असतं तिला. शहाणी होती. पण सांगायचं म्हणजे परत बघावं लागतं रे."

आयुष्यात पहिल्यांदा ते मला अरे-तुरे बोलले होते. त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

गळती बुजवली. निळ्या टाइल्स लागल्या. फरसबंदीचा शेवटचा दगड बसला, सांधे भरले, आणि एका शनिवारी सकाळी हौद काठोकाठ भरला. दिसायला इतका सुंदर दिसत होता की मला बघवेना. कंत्राटदार आला, अण्णांचं काम बघून त्यानं मान डोलवली आणि निघून गेला.

भिंगरी मागच्या दारात उभी होती.

"ये," मी म्हणालो. "नुसते पाय बुडव."

तिनं मान हलवली.

अण्णा आत गेले. परत आले ते माझी जुनी हाफ पँट घालून, कमरेला दोरीनं बांधलेली. मला कळायच्या आत ते उथळ बाजूच्या पायऱ्या उतरू लागले होते. एक पायरी, मग थांबायचं. दुसरी. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. दोन्ही हातांनी त्यांनी स्वतः बसवलेला काठ धरला होता आणि त्यांचं सगळं अंग थरथरत होतं. ओठ आवळलेले. तरी ते दाराकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते.

"बघ," ते म्हणाले. "काही होत नाही. बघ, आजोबा आत आहेत."

भिंगरी पायरी उतरली. फरसबंदीवरून धावत आली. मला वाटलं, झालं. जिंकलं म्हाताऱ्यानं.

ती काठावर गुडघे टेकून बसली, त्यांचं मनगट तिनं दोन्ही हातांत पकडलं आणि जीव खाऊन ओढू लागली. "आजोबा, बाहेर या," ती रडत म्हणत होती. "बाहेर या. ते तुम्हालाही धरेल. बाबा, ओढा ना यांना."

अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते हळूहळू पायऱ्या चढून वर आले आणि तिच्याजवळ ओल्या अंगानं खाली बसले. ती मनगट सोडेना.

"मी खोटं सांगितलं होतं तुला," ते म्हणाले.

"काय?"

"पाणी धरतं, ते. पाणी कुणाला धरत नाही."

भिंगरीनं त्यांच्याकडे बघितलं. नाक पुसलं. "मग आईला कुणी धरलं?"

तेव्हा आम्हाला कळलं, इतके महिने तिच्या डोक्यात काय होतं ते. आईनं खड्डा खणला आणि आई गेली. तिच्यापुरती दोन्हीची एकच गोष्ट होती. मी तिला जवळ घेऊन समजावलं, डोक्यातली शीर, आजार, शाळेचं मैदान, पाण्याचा काही संबंध नाही. ती ऐकत होती. मान डोलवत होती. पण आजोबांचं मनगट तिनं दुपारपर्यंत सोडलं नाही. जेवलीसुद्धा एका हातानं.

अण्णा सोमवारी घरी परत गेले. जाताना पिशवीत अवजारं भरताना मला म्हणाले, "मला वाटलं होतं, काठ पुरा झाला की जरा मोकळं वाटेल."

त्या हौदात आमच्यापैकी कुणीच पोहलं नाही. मी पाणी स्वच्छ ठेवायचो, जाळीनं पानं काढायचो. आठ महिने असे काढले. मग माझ्या बहिणीनं तिच्या गावी बोलावून घेतलं. पोरीकडे बघायला घरात बाईमाणूस हवं, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. घर एका जोडप्याला दिलं. त्यांना दोन मुलगे होते. घर बघायला आले तेव्हा ती मुलं कपड्यांनिशी पाण्यात उतरली आणि त्यांची आई ओरडत त्यांच्यामागे धावली. अण्णांना मी हे सांगितलं. "कड बोचली नाही ना त्यांना?" त्यांनी विचारलं.

नव्या गावात भिंगरी एकदाही पाण्याबद्दल बोलली नाही, आणि मीही विषय काढला नाही. नऊ वर्षांची झाली तेव्हा एक दिवस शाळेतून आली आणि म्हणाली, "माझं नाव पोहण्यात घातलंय. मैत्रिणीनं तिचं घातलं म्हणून." इतकंच. ज्या गोष्टीसाठी तिच्या आईनं परस खणलं, ज्यासाठी अण्णा कमरेइतक्या पाण्यात थरथरत उभे राहिले, ती तिला बाकावर शेजारी बसणाऱ्या एका मुलीच्या नादानं जमली. मला आनंद झाला. आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

अण्णा दोन महिन्यांतून एकदा येतात. पुढच्या खेपेला आले तेव्हा भिंगरी त्यांना बघायला घेऊन गेली. सार्वजनिक तलाव, मोठा, गजबजलेला. आम्ही दोघं सगळ्यांत खालच्या बाकावर बसलो. तिनं डोक्याला टोपी चढवली, काठ सोडला आणि निघाली. तिचं डोकं पहिल्यांदा पाण्याखाली गेलं तेव्हा अण्णा उभे राहिले. वर आलं तेव्हा खाली बसले. पलीकडच्या टोकाला पोचून तिनं हात हलवला आणि परत फिरली.

ती अर्ध्यावर आली असताना अण्णांनी विचारलं, "हिची आई अशीच पोहायची का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पाण्याकडेच बघत होते.

"हो," मी म्हणालो. "फक्त हात जरा जास्त लांब टाकायची."

अण्णांनी मान डोलवली. भिंगरी काठाला लागेपर्यंत ते तिच्या हातांकडे बघत राहिले.